ठकीच्या पेशी

कशेळे, १२ नोव्हेंबर १९८३
कर्जतहून एस.टी.नं आले. ट्रंक टपावर, मी खिडकीशी. दवाखान्यामागची प्रयोगशाळा दोनच खोल्यांची, पण सूक्ष्मदर्शक नवाकोरा! काचसामान धुणाऱ्या इंदूबाईंनी माझ्यासाठी वालाची उसळ करून ठेवली होती. पहिलीच नोकरी आणि इतके लाड.

२० नोव्हेंबर
डॉक्टरांनी काम समजावलं. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या. पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनं असतात, त्यांच्या आधारानं ती वाढते, तगते. त्यांतल्या एकाला चिकटणारं औषध घालायचं. तपासायला वेगळा रंग असतो, तोही त्याच प्रथिनाला चिकटतो, म्हणून ते प्रथिन असेल तिथं पेशीला हिरवी कड दिसते. सात बाटल्यांपैकी फक्त ठकीच्या बाटलीत ती दिसते. ठकी ठाकरवाडीतली, नऊ वर्षांची. दसऱ्याला इथंच गेली.

३ डिसेंबर
ठकीची आई बुधी सकाळपासून पायरीवर होती. पोरीचं रक्त अजून जिवंत आहे, असं तिला कुणीतरी सांगितलंय. मी म्हटलं, तो आजार आहे, ठकी नाही. तिला पटलं नाही. म्हणाली, पोरीचं काही वर राहिलं तर तिला वाट सापडायची नाही, मातीत द्या. डॉक्टरांनी नकार दिला. पेशी घेताना तिला कुणी विचारलंही नव्हतं, असं इंदूबाईंनी सांगितलं.

१७ डिसेंबर
औषध घातलं. कड विझली, पण पेशी मेल्या नाहीत. प्रथिन आत ओढून घेतात आणि गप्प राहतात. औषध धुऊन काढलं की दोन दिवसांत कड परत, वाढही परत. तीनदा केलं. तीनदा तेच.
बुधीला हे सांगायला नको होतं. ती म्हणाली, "सुई दिसली का ती अशीच लपायची, बाय."

५ जानेवारी
आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला नको वाटतं. मी खोलीतून गेले की त्या पेशी लपलेलं बाहेर काढतात, असं वाटतं.

९ जानेवारी
डॉक्टर मुंबईला. ठकीची बाटली पदराखाली घालून वाडीवर नेली. बुधीनं हातांनीच खड्डा केला. ती रडली नाही. मी रडले.

१५ जानेवारी
रामभाऊ म्हणून एका म्हाताऱ्याची बाटली तपासली. हिरवी कड. त्यांच्या पेशींवर हे प्रथिन कधीच नव्हतं. एकदा घाईत ठकीच्या आणि त्यांच्या बाटलीला मी एकच पिपेट— एकदाच.

१६ जानेवारी
उरलेल्या पाच पाहिल्या. पाचही हिरव्या. औषध घातलं. सहाही विझल्या.

१८ जानेवारी
औषध धुऊन काढलं होतं. कडा परत आल्या— सहाही बाटल्यांत.
बुधी आलीय. माझ्यासाठी कणग्यांचे कंद उकडून आणलेत. इंदूबाईंना सांगत होती, "सुटली माझी पोर." किती दिवसांनी हसतेय.
तिला खरं सांगायला हवं. तोंडानं जमत नाही, आधी लिहून बघते. बुधी, तुझी ठकी—