सगळे बरे आहेत, उद्धव

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

"चंद्रभानचा घोटा कसा आहे?" – बरा आहे.
"ओमप्रकाश?" – तोही बरा.
"हनिगन साहेबाचं पत्र?" – येईल, टपालाला उशीर लागते.
"अन् वहिनी?" – बरी आहे. भाकरी थापून राहिली.
"तुह्या कपाळाची खोक भरली का बे डोमा?" – भरली.

उद्धवचा फोन. दर रविवारी अमरावतीहून त्याची पोरगी अनुपमा लावून देते. दर रविवारी हेच, याच क्रमानं. आणि मी दर रविवारी खोटं बोलतो. चंद्रभान गेला. ओमप्रकाश गेला. हनिगन साहेब तर केव्हाचाच मातीत. त्याची वहिनी, म्हणजे माझी केशर, तिला जाऊन ही तिसरी थंडी. खोक तेवढी खरोखर भरली, पण ती मिलच्या ग्राउंडवर फुटबॉल खेळताना पडली होती, तेव्हा माझं लग्नसुद्धा व्हायचं होतं.

सुरुवातीला खरं सांगून पाहिलं. ढसाढसा रडला. म्हणे, "मले कोणी कळवलं नाही." पुढच्या रविवारी परत विचारलं, परत तसाच रडला. एका माणसाला चंद्रभान किती वेळा मारून दाखवायचा? मग अनुपमा म्हणाली, "काका, बरे आहेत म्हणा. दिवसभर शांत राहतात मग." तेव्हापासून सगळे बरे आहेत.

ही वही नातीनं, दीपमालानं आणून दिली. ती दवाखान्यात नर्स आहे. "आजोबा, रोज थोडं लिहा. डोकं चालू राहते." डोकं शाबूत राहायला काय करावं, हे मी तिला विचारलं होतं, तिला वाटलं सहज. सहज नव्हतं. मी आणि उद्धव एकाच बॉलला डोकं मारून मोठे झालो. जे त्याला झालं ते मला होणार का – हे विचारलं होतं मी.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लिहायचं म्हटलं की हनिगन साहेबच आधी येतो डोळ्यांपुढं. माणूस आयर्लंडचा. सूत कातायच्या नव्या मशिनी जहाजातून आल्या, त्यांच्यासोबत तो आला – बसवायला. लालबुंद, एका पायानं लंगडा. आम्हाला वाटलं मशीनवाला साहेब, दूर राहा. एका संध्याकाळी आम्ही मिलचे पोरं – मी, उद्धव, चंद्रभान, ओमप्रकाश – चिंध्यांचा बॉल खेळत होतो, हा पाटलोण वर खोचून मधातच घुसला. लंगड्या पायानं असा बॉल काढून नेला की ओमप्रकाश भुईवर बसूनच राहिला.

मग कळलं – हा पेशानं खेळाडू. खेळायचा पगार घ्यायचा! आठवड्याचा पगार, आणि उन्हाळ्यात खेळ नसे म्हणून कमी. आम्हाला खरंच वाटेना. चंद्रभान म्हणाला, "साहेब, मुकादम कोण होता तुमचा?" साहेब हसत बसला.

बंदराजवळच्या गल्लीतला गरीब पोरगा. सतरा-अठराचा असताना विलायतेच्या क्लबानं उचलला. सेंटर हाफ, म्हणजे मधात उभा राहून येणारा बॉल डोक्यानं परतवणारा. आमच्या टीममधली जी जागा उद्धवनं नाकारून मला दिली, तीच. देशाकडून एकच मॅच मिळाली, ती हरले. हिरवी जर्सी त्याच्या आईनं धुऊन चुलीजवळ वाळत घातली आणि एक बाही जळाली. हे सांगताना साहेब दरवेळी आपली बाही ओढून दाखवायचा. मग गुडघा मोडला. क्लबानं कळवलं, आता तुमची गरज नाही. एवढंच. दहा वर्षं ज्यांच्यासाठी डोकं फोडलं त्यांनी दोन ओळींत मोकळा केला. मग मशिनीचं काम शिकला, आणि मशिनीनं त्याला अकोल्यात आणून टाकलं.

मी म्हटलं होतं, "साहेब, वाईट वाटलं असेल." तो म्हणाला, "डोमा, बाद में अच्छा हुआ. तुम लोग मिला."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मायाला केशर म्हणून हाक मारली. सून बिचारी चहा ठेवून गेली. आवाज सारखा आहे दोघींचा, म्हणून.

रविवार, १६ नोव्हेंबर

उद्धवचा फोन. सगळे बरे.

फोन ठेवला आणि लक्षात आलं. हा क्रम उद्धवचा नाहीच. हा हनिगन साहेबाचा क्रम आहे.

साहेब परत गेल्यावर त्याची पत्रं यायची. इंग्रजी फक्त उद्धवला यायचं – तो टाइम ऑफिसात कारकून. मी तर दुसरीतून निघालेला, पुडीच्या कागदावर अक्षरं जुळवून शिकलो, चुका उद्धवच काढायचा. मिलसमोरच्या हॉटेलात उद्धव पत्र मोठ्यानं वाचायचा. चंद्रभानचा घोटा कसा आहे. ओमप्रकाश कसा आहे. डोमाची खोक भरली का. उद्धव, तू बरा आहेस ना. शेवटी – उत्तर लवकर धाडा, मी वाट पाहतो.

वर्षं गेली. आमची लग्नं झाली, लेकरं झाली. पत्रात तेच. घोटा, खोक, लवकर धाडा. मग तर आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तेच पत्र परत. आम्ही हसायचो. मीच म्हणायचो, "साहेबाचा जीव आहे बुवा आपल्यावर, खोक विसरतच नाही."

तो खोक विसरत नव्हता, बाकी सगळं विसरत होता. आणि आम्ही चहा पिऊन हसलो. कोणाला माहीत होतं? उद्धवलाही नव्हतं. वाचणारा तोच, आणि आज तेच वाक्य त्याच्या तोंडी.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दीपमाला आली होती. तिला सरळ विचारलं, उद्धवचं हे बॉलला डोकं मारून झालं का? आधी टाळलं, मग खरं बोलली. गुणाची पोर आहे.

तो जुना चामड्याचा बॉल. पावसात पाणी पिऊन वरवंट्यासारखा जड व्हायचा. वरून लेसची शिवण – तीच माझ्या कपाळात घुसली होती. साहेबानं मिलच्या लिंबाला दोरीनं बॉल टांगला होता, ड्युटी सुटली की मी आणि उद्धव समोरासमोर. तो मारी, मी मारी. साहेब ओरडे, "आँख खुला! सर आगे!" डोकं घणघण करायचं. केशर लग्नानंतर एकदा पाहायला आली, म्हणाली, "देवळाची घंटा आहे का हे डोस्कं?"

दीपमाला म्हणते, तशा खेळाडूंना हा आजार जास्त दिसतो असं डॉक्टर लोक सांगतात. पण सगळ्यांनाच होते असं नाही, आजोबा.

सगळ्यांनाच नाही. ठीक. हनिगन साहेबाला झाला. उद्धवला झाला. त्या दोरीच्या बॉलपाशी आणखी मीच तेवढा होतो.

शनिवार, ६ डिसेंबर

विहारात जाऊन आलो. मेणबत्ती केशरची म्हणून एक जास्त लावली.

रोज अंघोळ करताना टीम म्हणतो – गोलीपासून लेफ्ट आउटपर्यंत, अकरा जणं. आज लेफ्ट आउटशी अडलो. लाल रुमाल बांधायचा, शिट्टी वाजवायचा, चेहरा समोर आहे, नाव नाही. पाणी गार होऊन गेलं. लेफ्ट आउट कोण होता?

रविवार, ७ डिसेंबर

उद्धवनं फोनवर विचारलं, "ओमप्रकाश कसा आहे?" ओमप्रकाश! लेफ्ट आउट ओमप्रकाश. ज्याला काही आठवत नाही त्यानंच मला आठवून दिलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दोनदा सांगितलं, बरा आहे, एकदम बरा आहे.

रविवार, १४ डिसेंबर

आज चंद्रभान झाला, ओमप्रकाश झाला, केशर झाली. मग उद्धव म्हणाला, "अन् डोमा कसा आहे? लय दिवस झाले, फोन नाही त्याचा."

म्हटलं, "बरा आहे. तुही आठवण काढत होता."
"सांगजा त्याले, येऊन जाय म्हणा एकदा."
"सांगतो."

मायानं विचारलं, "बाबा, काहून असे बसले?" काही नाही म्हटलं. आपणच आपला निरोप घेऊन बसलो होतो.

सोमवार, २२ डिसेंबर

सकाळी वहाणा घातल्या आणि निघालो. चौकातला पानवाला म्हणाला, "काका, इतक्या थंडीत कुठी?" तोंडातून गेलं – ड्युटीला. तो हसला, मीही हसलो. गंमत केली असं दाखवलं. मिल बंद पडून तिथं झुडपं माजली आहेत. घरी कोणाला बोललो नाही. इथं लिहितो, बस.

रविवार, २८ डिसेंबर

निरोप मिळाला म्हणून गेलो. मुलगा ललितनं गाडीनं अमरावतीला नेलं.

उद्धव अंगणात उन्हात बसलेला. किती बारीक झाला! कॉर्नरला उडी मारली की सूर्य झाकायचा हा माणूस. मला "या, बसा" म्हणाला. अहोजाहो. साऱ्या जन्मात त्यानं मला बे शिवाय बोलावलं नाही.

अनुपमानं संत्री आणली. मी एक हातात घेतलं, काय मनात आलं कोण जाणे, हलकंच त्याच्याकडं वर फेकलं. आणि उद्धवची मान पुढं आली. डोळे उघडे. कपाळानं संत्रं बरोबर माझ्या हातात परत!

"आँख खुला," तो म्हणाला.
"सर आगे," मी म्हटलं.
माझ्याकडं पाहत राहिला. म्हणाला, "डोम्या, म्हातारा झाला बे तू."
"तू कोणता नवरदेव आहे?"
हसला. अनुपमा डोळ्यांना पदर लावून घरात निघून गेली. थोड्या वेळानं त्यानं परत "या, बसा" म्हटलं. पण मधातलं तेवढं माझं आहे. ते संत्रं मी खिशात घालून आणलं.

मंगळवार, १३ जानेवारी २०२६

उद्धव गेला. झोपेतच. सकाळी अनुपमाचा फोन आला, तो काही रविवार नव्हता, म्हणून वाजला तेव्हाच कळलं.

गुरुवार, १५ जानेवारी

उद्धवला पोचवून आलो. खांदा द्यायला गेलो तर पोट्टे म्हणाले, "आजोबा, तुमच्यानं होणार नाही." एकानं सोबत खांदा लावला, तेव्हा थोडं चाललो. आम्ही कप जिंकलो त्या दिवशी उद्धवनं मला खांद्यावर घेऊन मिलच्या फाटकापर्यंत नेलं होतं. हनिगन साहेब लंगडत मागं, टोपी हलवत.

अनुपमा म्हणाली, "काका, परवा बाबांनी तुमचं नाव घेतलं. खोक भरली का विचारत होते. मी म्हटलं भरली."
"बरं केलं, बाई," म्हटलं.

परत येताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. मी चार चहा सांगितले. ललितनं दोन परत केले.

रविवार, १८ जानेवारी

आज फोन वाजणार नाही. मला माहीत आहे. तरी फोनपाशी बसलो होतो.

इथं मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. उद्धव गेला. चंद्रभान गेला. ओमप्रकाश गेला. हनिगन साहेब गेला. केशर गेली. विसरलो तर हे पान वाचायचं. मला कोणी खोटं सांगू नये.

मायाला बोलावून बसवलं. तिला म्हटलं, "पोरी, माहं उद्धवसारखं झालं तर मले सगळं खरं सांगजा."
ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा, तुमी त्यांले काय सांगत होते?"
मी वहीचं पान मिटलं. ती जायला उठली तेव्हा म्हटलं, "केशरचं मात्र... केशरचं बरंच सांगजा."

मंगळवार, २७ जानेवारी

खिशात एक वाळलेलं संत्रं सापडलं. कोणी ठेवलं असेल? माया फेकत होती, फेकू दिलं नाही.

रविवार

उद्धवचा फोन आला नाही. थंडी फार आहे, तब्येत बरी नसावी.

उद्धव, चंद्रभानचा घोटा कसा आहे? ओमप्रकाश कसा आहे? साहेबाचं पत्र आलं का? आलं असेल तर हॉटेलात घेऊन ये, वाच. माझी खोक भरली. मायाला विचारलं, केशर कुठी आहे? तिनं पदराला हात पुसले, म्हणाली, "बऱ्या आहेत बाबा. भाकरी थापून राहिल्या."

इकडं सगळे बरे आहेत. तू लवकर कळव बे. वाट पाहून राहिलो.