घर यशदीपचे, पाहुणे तुम्ही दोघे

तथागतांना वंदन करून मी, सत्यभामा तुळशीराम रामटेके, वय ७२, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार पुरानी बस्ती, रायपूर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहिते. डोके शाबूत आहे. शंका असल्यास यंदाचा घरखर्चाचा हिशेब तपासावा.

१. मला तीन मुले: लोकेश, रुचिता आणि धाकटा यशदीप, वय ३६. यशचे हातपाय जन्मापासून आखडलेले, बोलणे अडखळत. बुद्धी मात्र तिघांत तेज. थोरल्यांनी हे वाचून रुसू नये.

२. माझ्यामागे यशने कुठे राहावे, यावरून बुद्ध पौर्णिमेला खीर खाता खाता दोघे भांडले.

कारखान्यांजवळ राहणारा लोकेश म्हणाला, "सिलतऱ्याले खालची खोली त्याच्यासाठीच रिकामी करून राहिलो."

"तुह्या घरी धूळच धूळ, भैया. वो शंकर नगर में मेरे साथ रहेगा, लिफ्ट है," रुचिता म्हणाली.

बऱ्याच वेळाने यश म्हणाला, "मले... कोणी... विचारलं काय?"

मग मी विचारले. तो इथेच राहणार आहे. सबब हे राहते घर सामानासकट यशदीपला. मदतीला येणाऱ्या विजयाचा पगार माझ्या पोस्टातल्या ठेवीच्या व्याजातून द्यावा.

३. लोकेशला ह्यांची रेल्वेतली पान्यांची पेटी. आधी यशच्या व्हीलचेअरचे चाक कसावे. त्याची पोळी कुस्करून देणे बंद करावे. तो हाताने जेवतो. सांडते, पुसता येते.

४. रुचिताला शिलाई मशीन व माझ्या पाटल्या. यशचे वाक्य तिने पुरे करू नये. ती चुकीचे पुरे करते आणि तो भिडेखातर मान हलवतो. म्हणून त्याच्या कपाटात नावडते निळे स्वेटर आहेत.

५. कॅरम बोर्ड यशचाच. तुम्ही दोघे मुद्दाम हरता, हे त्याला ठाऊक आहे. तो राणी मांडीखाली दडवतो, हे तुम्हालाही ठाऊक असावे.

६. वकीलसाहेब म्हणाले, अंमलबजावणीला थोरल्याला नेमा. मी यशदीपला नेमते. दोघांसमोर त्याला विचारले, "करशील काय, बापू?" आम्ही थांबलो.

"हव," तो म्हणाला. "पण भैयाले म्हणा... घराची किल्ली... परत दे. बेल वाजवून... येत जाय."

रुचिता हसली.

"अन् दीदी... तू पण."

दोन्ही किल्ल्या यशदीपच्या हाती पडल्यावरच मी खाली सही करत आहे.

सही: सत्यभामा तु. रामटेके

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
१. प्रशिक खोब्रागडे, शेजारी
२. गंधाली वासनिक, शिक्षिका

रायपूर, १४ जून २०२५