पेटीचा काटा
मंगळवार, मार्च २००१, संध्याकाळ

आज पॉवर हाऊसमागची पेटी उघडली. तिच्यातून मातीत जरा वीज सोडली की पुरलेल्या डिझेल टाकीला गंज धरत नाही. तारा उलट्या जोडल्या तर मात्र टाकीच गंजून खलास. अन् तारा उलट्याच होत्या.

मीच जोडलेल्या. खंडेनवमीला पेटी पुसून हळदीकुंकू लावायचं म्हणून सोडल्या, परत लावताना चुकलो. पेटीवरचा काटा मेला, तारा कशाही जोडा, सारखाच दाखवतो! पाच महिने त्या काट्याकडं पाहून रजिस्टरात रोज ‘बराबर’ लिहीत गेलो.

आज गुपचूप सरळ केल्या. साहेबांना काहून सांगितलं नाही? नोकरीची भीती, दुसरं काय.

घरी येताना पॉवर हाऊसखालच्या उतारावरच्या विहिरीशी तांड्यावरची सोनाबाई थांबलेली. म्हणाली, “भाऊ, पाण्याला कसातरी वास येऊन राहिला. तुमी पाहा बरं.” तिनं तांब्या पुढं केला.

हुंगून पाहिलं. वास डिझेलचाच होता. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.

“न्हाई बाई,” मी म्हणालो, “बराबर हाय.”

तिनं घागर भरून घेतली.