ट्रायपॉड नको म्हणालास म्हणून

प्रिय माकडा,

नवा कॅमेरा कुठला घ्यावा, माईक कुठला, असं तू विचारलंस आणि मी उत्तरच दिलं नाही. तुला वाटलं असेल, ताईचा नेहमीचा घोळ चाललाय. घोळ घातलाच. दवाखान्यातलं काम संपलं की त्या कॅमेऱ्यांच्या दुकानात जायचं, प्रत्येक कॅमेरा हातात घेऊन बघायचा आणि रिकाम्या हाताने घरी यायचं. दुकानदार आता मला दारातच म्हणतो, "या ताई, आज काय नाही घ्यायचं?"

तरी जे ठरलं ते सांगते. छातीवर बांधायचा छोटा कॅमेरा तुला पुरेल. पाण्यात पडला तरी चालतो, धक्के सोसतो, हात मोकळे राहतात. भिंगं बदलायचा मोठा कॅमेरा चित्र सुरेख देतो, पण तो गळ्यात अडकवून तू कडा चढणार म्हणजे आगीतून फुफाट्यात. जास्तीच्या बॅटऱ्या घे आणि थंडीत त्या सॅकमध्ये न ठेवता शर्टाच्या आतल्या खिशात ठेव, नाहीतर ऐन वेळी माना टाकतात. माईकला वाऱ्याचा घोंगाट अडवणारी ती केसाळ टोपी हवीच. दिवसभर लोकांचे कान तपासणाऱ्या बाईचं एवढं तरी ऐक. अडले ते दोन गोष्टींपाशी. तू ट्रायपॉड नको म्हणालास, आणि माईकची मात्र जोडी हवी म्हणालास. दुकानदारानेच विचारलं, भाऊ एकटे जातात ना, मग दुसरा माईक कुणाच्या कॉलरला लावणार? मी म्हटलं, एक हरवला तर असावा. खोटं इतकं चटकन सुचलं याचं मलाच नवल वाटलं.

ट्रायपॉडवर तुझा किती राग होता! कॅमेरा उभा करायचा, मग तू एकटाच डोंगराकडे निघाल्यासारखा चालत जायचं, लहान लहान होत दिसेनासं व्हायचं, आणि मग कॅमेरा उचलायला तेवढंच अंतर पुन्हा मागे यायचं. एक डोंगर चढायला तू दोन डोंगर चालायचास. व्हिडिओ जुळवताना तुझी ती परतीची चाल मी कापून टाकायची, हेच तर माझं काम. पण कापण्याआधी मी ती पूर्ण बघायचे. तू शिव्या घालत यायचास, लेन्सला तोंड लावून म्हणायचास, "ताई, हे ठेवलंस तर बघ." प्रेक्षकांना तू फक्त जाताना दिसायचास, मला परत येताना. रविवारी सकाळी तुझं सगळं चित्रण उघडून बसायचे ते खरं तर त्यासाठीच. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यापासून परतीची चाल येत नाही. आधी वाटलं, तूच कापून पाठवतोस, ताईचा त्रास वाचावा म्हणून. पण तुकडे सलग आहेत. तू निघतोस, आणि कॅमेरा हळूच वळून तुझ्यामागे नजर ठेवतो. तू वळणाआड गेलास की तो थांबतो. मग पुढचा तुकडा थेट वरच्या टेकाडावरचा, तुझ्या थोडा मागून, माणसाच्या खांद्याच्या उंचीवरून. परवा तुझे दाजी चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले आणि म्हणाले, "मेहुण्याचं शूटिंग सुधारलंय हं. कोण धरतं कॅमेरा?" मी तुकडा पुढे सरकवला. तुझ्या चॅनेलवर एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय, कॅमेरामनला सलाम. त्यावर तू बदाम टाकलायस.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. डायरीत एक ओळ लिहून दुसऱ्या ओळीत तिच्यावर शंका घेणारी मी. म्हणून आधी स्वतःलाच तपासलं. ट्रायपॉडचा स्क्रू ढिला असेल, वाऱ्याने कॅमेरा फिरला असेल, असं धरून चालले. पण गवत एकीकडे झुकलेलं आणि कॅमेरा वळतो दुसरीकडे. मग वाटलं, कुणी मैत्रीण असेल, लाजत असशील. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. आईला सांगायचं कसं, हेही मनात जुळवून ठेवलं. मग तो मावळतीचा तुकडा पाहिला. ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येतंय, दगडांच्या लांब सावल्या तुझ्याकडे धावताहेत. खालच्या झुडपाचीसुद्धा सावली आहे. कॅमेरा धरणाऱ्याची पडायला हवी होती तिथे नुसतं ऊन.

आणि तू बोलतोस. कॅमेऱ्याशी नाही, कॅमेऱ्याच्या जरा वर बघून. "नको, तिकडून निसरडं आहे," म्हणतोस, थांबतोस, मान हलवतोस आणि हसतोस. समोरच्याचं एक वाक्य बोलून व्हावं इतकंच थांबतोस. त्या थांबण्यात काय आहे ते मी दवाखान्यातल्या चांगल्या हेडफोनवर ऐकलं. किडे आहेत, तुझ्या जॅकेटची खसखस आहे, लांबचा ओढा आहे. माणसाचा आवाज नाही. कॅमेरा जवळ धरणाऱ्याचा श्वास माईकमध्ये येतोच, तोही नाही. फोनवर सहज विचारावं तसं विचारलं, कुणी असतं का रे बरोबर? तू हसून म्हणालास, "माझ्याबरोबर कोण मरायला येतंय, ताई? तू तरी येतेस का?" मीही हसले. पण हे उत्तर द्यायच्या आधीही तू तसाच थांबला होतास.

म्हणून हे फोनवर न बोलता कागदावर लिहितेय. फोनवरचं माझं बोलणं तू एकटाच ऐकतोस असं आता मला वाटत नाही. हे वेड असेल तर असो. भेटलास की माझी हवी तेवढी टर उडव, दाजींनाही सामील करून घे.

बाकी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा आता बरा आहे. तुझा प्रत्येक व्हिडिओ ती शेजारच्या काकूंना बसवून दाखवते आणि स्वतः मात्र कड्याचा भाग आला की स्वयंपाकघरात निघून जाते. "पडला नाही ना गं?" असं तिथूनच ओरडून विचारते. मी म्हणते, अगं, पडला असता तर व्हिडिओ कुणी टाकला असता? परवा हे म्हणताना माझी जीभ अडखळली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. तू पाठवलेल्या शेवटच्या तुकड्यात तू त्या उंच कड्यावर उभा आहेस, पाठ दरीकडे, तोंड कॅमेऱ्याकडे. आई फोटो काढायची तेव्हा करायचास तसं शहाण्या मुलाचं तोंड केलंयस. तू विचारतोस, "थोडं मागे?" थांबतोस, आणि एक पाऊल मागे जातोस. "अजून?" पुन्हा एक. तुझ्या टाचेखालची खडी सुटते. खाली पडल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट बघत राहिले, तो आलाच नाही. तू पुन्हा "अजून?" म्हणून पाय उचलतोस आणि तेवढ्यात तुझा फोन वाजतो. तो माझा फोन होता, माकडा. जुन्या हार्ड डिस्कची वायर कुठे ठेवलीस, एवढंच विचारायला केलेला. तू वैतागून पुढे येतोस, आणि कॅमेरा हळूहळू, कुणी तान्ह्या बाळाला ठेवावं तसा, जमिनीवर ठेवला जातो. माझ्यामुळे शॉट वाया गेला म्हणून तू माझ्यावर चिडलास, आणि आता राहिलेला शॉट घ्यायला रविवारी पुन्हा तिथेच जाणार म्हणतोस. जाऊ नकोस. हे पत्र कुरिअरने शुक्रवारी तुझ्या हातात पडेल, शनिवारी संध्याकाळी मी तुझ्या दारात असेन. कॅमेरा मी धरीन, मला नीट येत नाही तरी धरीन, सगळी चित्रं हलली तरी चालतील. पण मी पोचायच्या आत तू तिथे गेलासच, आणि मागे सरक असं कुणी म्हणालं, अगदी माझ्या आवाजात म्हणालं, तरी सरकू नकोस. ते मी म्हणणार नाही.

तुझ्याकडे यायला निघालेली, तुझीच
ताई