गोकुळाच्या नळाची धार

१२ एप्रिल १९८६, शनिवार
आजही तेच! माह्या नळाले सुतासारखी धार. अन् भिताडापलीकडे धाकट्या जावेचा, गोकुळाचा नळ — धो धो! एकाच पाइपाचे दोन फाटे, पयला माहा. इकडं माही रांधणी खोली, तिकडं तिची. ब्रह्मपुरीत सकाळी घंटाभर पाणी येते. तेवढ्यात माहा एक पितळेचा गुंड भरत नाई, तिचं आंगण धुऊन होते. मग जातो मी गुंड घेऊन तिच्या घरी. दोन वर्सं झाली. आमचे हे गेले, त्याच सुमाराले नळही बसला.
"या बाई, भरा," म्हणते — जशी वैनगंगा माहेराहून आणली! वरून चहा पाजते. मी चहा पेतो अन् मनात जळतो. चहा चांगला करते, हेही वाईटच.

१३ एप्रिल
नळाच्या तोंडाले बांधलेलं फडकं सोडलं. चिमूटभर रेती निघाली. धार तशीच.
गोकुळाले विचारलं, "काऊन व, नळाले तूप पाजतं का तू?" हासली. देवानं तिले दातही चांगले देल्ले.

१५ एप्रिल, मंगळवार
सोमाजी फिटर आला. म्हटलं, "सोमाजीभाऊ, तुमच्या डोक्यावर केस राह्यले ना, तितकीच धार हाय पाहा." त्यानं टकलावरून हात फिरवला. "बाई, तुमची जीभ जोडतो पाइपाले. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढन!"
वायसर बदलला. धार तेवढीच. मग पुरी तोटीच काढली. उघड्या पाइपातूनही तेवढंच बारीक! "तोटीत काई नाई. अडलं ते मांगं हाय." परवा मोरीची फरशी काढतो म्हणे.
भिताडाआडून गोकुळा — "सुधरला का जी नळ?" तुले काय करायचं हाय!

१७ एप्रिल, गुरुवार
सापडलं.
फरशीखाली, फाट्यापाशी, एक कॉक. अर्ध्याच्या वर बंद. अन् हलू नये म्हणून दांडीले जाळ्याच्या दोऱ्याची गाठ. "हे मी नाई बसवलं," सोमाजी म्हणे. पण मी गाठ ओळखली ना! आम्ही ढिवर. तलावावर जाळं साऱ्यायचंच असते, पण डाव्या अंगानं दोन येढे घेऊन अशी गाठ आमचे हेच मारत. मरणाच्या महिनाभर आधी खोकत खोकत मोरीत काई तरी करत बसले होते. म्हटलं काय करता? तं म्हणे, "गळून राह्यलं."
गळून राह्यलं!
म्हणजे ह्यांनंच! माहं पाणी दाबून तिले देल्लं. बायकोले सूत अन् भावजयीले वैनगंगा! आपल्यात भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, धाकट्या भावजयीशी बोलत नाई. हे आले की ती डोक्यावर पदर घेऊन भिताडाआड व्हाची. मले वाटे, काय मर्यादा पाहा! अन् आतून हे चाललं होतं?
सोमाजीले म्हटलं, "कापा गाठ. पुरा खोला."

१८ एप्रिल
धार! गुंड भरला, गंज भरला, बकेट भरली, तरी घंटा सरला नाई. गोकुळाकडं टिप... टिप... भिताडाले कान लावून ऐकलं. लय बरं वाटलं.
मग चहाची वेळ झाली. आता काऊन जाऊ तिच्याकडं? नाई गेली.

१९ एप्रिल
नाई गेली. तीही आली नाई.

२० एप्रिल, रविवार
एकटीले किती पाणी लागते? तुळशीले तीनदा घातलं. बिचारीची चिखलात मुंडी वाकली.
पत्रू — गोकुळाचा नवरा, माहा दीर — खालच्या आळीतून खांद्यावर गुंड आणून राह्यला होता. आणू दे.
ह्यांच्या फोटोले म्हटलं, "पाहा, आटली तुमची गंगा." काई बोलले नाई. होते तवाही घुम्मेच! माह्यासंग बोलाले शब्द महाग पडत. तिच्यासंग काय काय बोलले असतीन?
चहा केला. गार झाला, मोरीत ओतला.

२१ एप्रिल, सोमवार
गोकुळा आली, रिकामा गुंड घेऊन. मी दारातच — "काय व, माह्या नवऱ्यानं देल्लेलं पाणी पुरलं नाई का?"
ती उंबऱ्यावर बसली. "भासरे साऱ्या जन्मात एकदाच बोलले माह्याशी, बाई. पाठमोरे उभे राहून. म्हणे, तिचा नळ मी दाबून ठेवला. मी गेलो का ती दार लावून बसन. लय घमेंडी हाय, कोणाच्या घरी जाणार नाई. पाण्यासाठी तरी रोज तुह्याकडं येईन. आली का चहा पाज. अन् तिले सांगू नोको."
तिचा गुंड माह्या नळाखाली लावला. भरून वाहाले लागला तरी दोघींतली एकही उठली नाई.
मले नाई सांगतलं. तिले सांगतलं! ही जळण वेगळीच हाय.
उद्या कॉक मीच दाबतो. अन् जातो गुंड घेऊन तिच्याकडं, भांडाले.