डोलकाठीखालचा आकडा

विंकलर, मॅनिटोबा, कॅनडा
दि. १८ फेब्रुवारी २००७

ती. मानांग फेमी हिस,
धाकट्या भावाचा, क्रिसांतोचा शि. सा. न. वि. वि.

दोन्ही बाजूंना बांबूचे हात असलेल्या उलांडीच्या होड्या एकसष्ट. चर्चची बाकं चौदा, त्यातलं एक फादरच्या वजनाला पेलेल अशा जाड फळीचं. तुझ्या घरचा जिना, अकरा पायऱ्यांचा, एकही न करकरणारी. बायकोच्या, नेलियाच्या, शिलाई मशीनचं टेबल. शवपेट्या नऊ, सगळ्या फुकट. हे सगळं मी या दोन हातांनी, कुणी न शिकवता केलं, आणि अर्जात अगदी असंच लिहिलं.

अर्ज भरून देणारी हेल्गाबाई वाचून आधी हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, क्रिसांतो, त्यांना यादी नको, मालकांची पत्रं हवीत. मी म्हणालो, बाई, मला कधी मालकच नव्हता, तर पत्र काय माशांकडून आणू?

इथली रीत अशी की प्रांताला कामगार हवेत, म्हणून प्रांतच आपलं नाव वर सुचवतो. मग बायकापोरांसकट कायमचं राहता येतं. त्यासाठी याच प्रांतात राहीन असा शब्द द्यावा लागतो, तो मी दिलाय. फ्रीझन म्हाताऱ्याच्या कारखान्यात स्वयंपाकघराची कपाटं करतोय त्याला सव्वा वर्ष झालं. त्याने आपलं पत्र दिलंय. पण सगळ्याचे गुण मोजतात, आणि आधीच्या वीस वर्षांना पुरावा नसेल तर माझे गुण कमी पडतात. कामाचा परवाना ऑगस्टअखेर संपतो. म्हणजे मी परत, आणि नेलिया नि पोरीचं इथे येणं कायमचं बुडालं.

पण पुरावा आहे, मानांग. प्रत्येक होडीत डोलकाठीच्या बुडाखाली, जिथे आपण नाणं ठेवतो, तिथे मी माझी अक्षरं, होडीचा आकडा आणि साल कोरलंय. तू म्हणायचीस, मांजर खांब ओरबाडतं तसा हा लाकूड ओरबाडतो. आता तेच ओरबाडलेलं कामाला येईल. होडीवाल्यांना काठ्या उचलायला लाव, फोटो काढ, सह्या घे. हे फोनवर सांगत नाही, कारण फोनवर तू जेवलास का याच्यापुढे जात नाहीस.

जेवतो. सुकी मासळी तळली की घरमालकीण उणे तिशीतसुद्धा खिडक्या उघडते, एवढंच.

रागाव हवी तेवढी, पण पत्र पाठव.
तुझा,
क्रिसांतो


एस्तान्सिया, इलोइलो
दि. २ एप्रिल २००७

चि. क्रिसांतो यास,
मानांगचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी किनाऱ्यावर गेले आणि मला वाटलं, दोन दिवसांचं काम. कसलं रे! काठी उचलायची म्हटल्यावर सगळे मागे सरले. बादोंगमामा म्हणाला, नाणं हललं की होडीचं नशीब उठून जातं. मी म्हटलं, मामा, इतक्या वर्षांत त्या नशिबाने तुला एक चांगली विजार दिली नाही, गेलं तर जाऊ दे. तो रुसला. नेलियाने डोळ्यांत पाणी आणून विचारल्यावर वितळला. मग असं ठरलं की प्रत्येक काठीखाली नवं नाणं आणि कोंबडीच्या रक्ताचा थेंब. चार कोंबड्या गेल्या. आलं घालून त्यांची भातपेज केली आणि अख्ख्या किनाऱ्याला वाढली. तुझ्या कागदांना आल्याचा वास येईल तो त्यामुळे.

तुझ्या होड्यांपैकी तेवीस सापडल्या. बाकीच्या वादळाने नेल्या, विकल्या गेल्या, चुलीत गेल्या. तेवीस फोटो, सतरा सह्या, सहा अंगठे सोबत आहेत. बादोंगमामाने लिहवून दिलंय की होडी एकोणीस वर्षं गळली नाही, फक्त उजवी उलांडी डावीपेक्षा बोटभर लांब आहे. मी खोडायला सांगितलं. तो म्हणाला, खरं तेच लिहा, नाहीतर अंगठा मिळणार नाही.

आणि आता नीट बस. सदतीस आकड्याच्या दोन होड्या निघाल्या! दोन! एक ब्याण्णवची, एक त्र्याण्णवची. मी वाळूतच बसले हसत. ज्या माणसाने माझ्या जिन्याची पायरी केसभर कमी म्हणून तीनदा उखडली, त्याला सदतीसनंतर अडतीस येतात हे ठाऊक नव्हतं!

एक मात्र खरं सांग. किनाऱ्यावर सगळे म्हणतात, कागद हातात पडले की क्रिसांतो पहिल्या गाडीने समुद्राकडे पळेल. खाऱ्या पाण्याचा माणूस गव्हाच्या शेतात टिकत नसतो. बादोंगमामाने त्यावर कोंबडा लावलाय. मी माझी डुकरीण लावलीय, की तू शब्दाला राहशील. ती गाभण आहे. बघ बाबा.

पेज आठवली की बहिणीलाही आठव.
तुझी,
मानांग फेमी


विंकलर
दि. ९ सप्टेंबर २००८

ती. मानांग फेमी हिस,
शि. सा. न. वि. वि.

कायमचे कागद परवा आले. नेलिया आणि पोरगी चौदा ऑक्टोबरला उतरतात. दोघींचे जाड कोट आणून खुंटीवर टांगलेत आणि येता-जाता त्यांच्याशी बोलतो, म्हणून घरमालकीण मला घाबरते.

प्रांताने नाव सुचवलं ते मी गेल्या वर्षी कळवलंच, पण एक गोष्ट लाजेपोटी लिहिली नव्हती. तुझे फोटो आले तेव्हा मी हेल्गाबाईला म्हटलं, अर्जात एकसष्टचे बासष्ट कर. तिने डोकं धरलं. म्हणाली, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, मला कळलंय. मग तिने दुरुस्तीचा कागद जोडला. बादोंगमामाचं पत्र मात्र तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, असलं पत्र कुणी खोटं लिहून आणत नाही. त्याला सांग. बोटभर नाही, अर्धं बोट, हेही सांग.

फ्रीझन म्हाताऱ्याने धान्याच्या कोठारात कोपरा दिलाय. तिथे उलांडीची होडी बांधतोय, इथल्या तळ्यासाठी. शेजारी विचारतात, हिला हात कशाला? डोलकाठीखालच्या नाण्याचं सांगितलं तर म्हाताऱ्याने बापाच्या वेळचं एक आणून दिलं. रक्ताचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोंबडीही आणली, पण बर्फात गोठवलेली. आकडा कोरला त्रेसष्ट. आधी दोनदा मोजलं.

हसून झालं की इकडे एक आशीर्वाद पाठव. नव्या होडीलाही पुरव.
तुझा,
क्रिसांतो

ता. क. कोंबडा घेऊन टाक. 'या प्रांतातच राहीन' हे अर्जात मी माझ्या हाताने लिहिलंय, आणि कोरलेलं मी खरवडत नाही. आता कुठेही गेलो तरी कायद्याने अडवणारं कुणी नाही, इथे तासाला पंधरा डॉलर मिळतात, आणि गेल्या महिन्यात व्हँकुव्हरहून एक माणूस मुद्दाम आला, तुझे फोटो एकेक उजेडाला धरून बघत बसला. त्याला मी नाही म्हटलं ते काम असं: समुद्राकाठी लाकडी होड्या बांधायच्या, वर राहायला दोन खोल्या, तासाला एकतीस डॉलर.