पाठवणीची क्लिप आणि दोन प्रोसेसर

बाबा, काल ठाण्याला जाऊन दोन प्रोसेसर समोरासमोर बसवून आले. तुम्ही गेल्यापासून कल्याणचा स्टुडिओ मीच चालवते, आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर आपल्या कॉम्प्युटरने मान टाकली. एक व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की असा घरघरतो, की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून विचारतो, "ताई, पिठाची गिरणी टाकली का?" आता चुकीचं मशीन गळ्यात पडलं तर अख्खा सीझन हातचा जाईल, आणि तुम्ही उभं केलेलं दुकान मुलीने बुडवलं, हे मला ऐकायचं नाहीये. म्हणून तुमच्याच पद्धतीने परीक्षा घ्यायची ठरवली.

दुकानदार बोलका. "मॅडम, हा घ्या डोळे झाकून. कोअर जास्त आहेत, मक्खन चालेल. तो पण चांगलाय, स्पीड जास्त आहे त्याचा. नेटवर स्कोअर दाखवू का?" मला हसूच आलं. तुम्ही असतात तर त्याची शाळाच घेतली असतीत. अजून डोळ्यांसमोर आहे, मी कॉलेजात आहे, पोटमाळ्यावर तुम्ही कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून मला शिकवत बसलाय, आई खालून चहा गार होतोय म्हणून ओरडतेय. "कोअर म्हणजे आचारी गं. ढीगभर आचारी ठेवलेस आणि कांदा एकानेच चिरायचा असला, तर बाकीचे काय करणार? तंबाखू मळत बसणार. काही कामं वाटून होतात, काही होत नाहीत. तेव्हा आचारी मोजत बसायचं नाही, आपलं जेवण रांधून घ्यायचं." क्लिप तीच, सेटिंग तीच, बाकीचं सामान तेच, बदलायचा फक्त प्रोसेसर. मग कॅबिनेटच्या मागे हात धरायचा, कारण "तापट जावई आणि तापट प्रोसेसर, दोन्ही नकोत." आणि एक्स्पोर्ट झाला म्हणून उठायचं नाही, तयार झालेला व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचा.

आपलं जेवण म्हणजे माझ्या पाठवणीची क्लिप. माझ्या लग्नाचं शूटिंग दुसऱ्या कुणाला द्यायला तुम्ही तयारच नव्हतात. आई केवढी चिडली होती, "मुलीचा बाप आहात की कॅमेरामन?" कन्यादानाला तेवढा कॅमेरा मामाच्या हातात दिलात, तर त्या शहाण्याने नेमकं तुमचंच डोकं कापलं. त्यामुळे लग्नाच्या व्हिडिओत तुमचा चेहरा कुठेच नाही. पाठवणीत तुम्ही फक्त ऐकू येता. मी आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडतेय, आणि कॅमेऱ्यामागून तुम्ही म्हणताय, "अगं, रडतेस कसली! कल्याण ते डोंबिवली, मधे फक्त ठाकुर्ली आहे." सगळे खो खो हसतात. आणि तिथूनच चित्र हलायला लागतं, ते गाडी वळेपर्यंत हलतच राहतं. मांडवातल्या धक्काबुक्कीतही ज्यांचा हात हलला नाही असे तुम्ही! माहेरी आल्यावर विचारलं, तर म्हणालात, "ट्रायपॉड ढिला होता." बाबा, गाडीमागे चालत येणाऱ्या माणसाकडे कुठला आलाय ट्रायपॉड? पुढे प्रत्येक नव्या मशीनवर तुम्ही हीच क्लिप लावायचात. साडीची जरी चमकते, लाइटच्या माळा लुकलुकतात, अंधार पडत आलाय, प्रोसेसरचा घाम निघतो, म्हणायचात. मी तेही ऐकून घ्यायचे.

काल दोन्ही मशीनवर तीच लावली. साध्या एक्स्पोर्टला जास्त कोअरवाला आरामात पुढे गेला. मग दुकानदार म्हणाला, "खरा लोड देऊया ना! हे हलतंय ते सगळं स्थिर करू, आणि कॅमेऱ्यामागे कोणीतरी बोलतंय, तो आवाज पण उडवू." आपल्याकडे हे काम रोजचंच, म्हटलं, करा. इथे दुसरा जवळपास बरोबरीला आला. तुमचं कांदा चिरण्याचंच गणित. तरी पहिलाच किंचित पुढे राहिला, आणि मागे हात धरला तर तापलाही कमी होता.

मग तुमच्या नियमाप्रमाणे बसून बघितलं. चित्र एकदम स्थिर, खांबाला कॅमेरा बांधल्यासारखं. आई आहे, मी आहे, फुलांची गाडी आहे. सगळे खो खो हसताना दिसतात, पण कशाला हसतात ते कळत नाही. आणि कॅमेऱ्यामागे कुणीच नाही. दुकानदार मात्र खूश, "बघा मॅडम, कसलं क्लीन आलंय!" मी म्हटलं, "नको. होती तशी लावा." बाबा, प्रोसेसरचं निमित्त होतं ना हो? तुम्हाला ती क्लिप बघायची असायची, आणि तसं म्हणायची लाज वाटायची.

मशीन जास्त कोअरवालंच घेतलं. तुम्हीही तेच घेतलं असतंत, सीझन निभावून जाईल. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक खरं सांगून टाकते. निकाल केव्हाच लागला होता, तरी मी मूळ क्लिप परत लावायला सांगितली, आणि ती संपल्यावर अजून एकदा. दुकानदार म्हणाला, "आता काय राहिलं मॅडम?" मी कॅबिनेटच्या मागे हात धरला, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हटलं, "तापतोय का बघतेय."